‘कुठूनही’ म्हणजे रोहा का नाही?



आजचं लिहिणं काही जणींना बोचेल. ज्यांची मुलं-सुना गोव्यात किंवा आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावर लॅपटॉप घेऊन राहतात, त्यांना तर नक्कीच. पण गेलं वर्षभर लग्नात, पाठशाळेच्या कार्यक्रमात, महिला मंडळाच्या बैठकीत मी एकच कौतुक ऐकते आहे. “आमच्या मुलांना काही म्हणता काही लागत नाही हो. दोन बॅगा, एक लॅपटॉप. आज इथे, उद्या तिथे. अगदी महाराजसाहेबांसारखं, विहारच म्हणा ना!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा ठरवलं, एकदा याचा जमाखर्च मांडायचाच. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण डावी बाजू आणि उजवी बाजू अजून कळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या राहण्याला ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात, म्हणजे संगणकावरचे भटके. ही मंडळी सुट्टीला गेलेली नसतात. त्यांची नोकरी चालू असते, पगार चालू असतो, फक्त ऑफिसला जावं लागत नाही. मग दोन महिने समुद्रकाठी, तीन महिने डोंगरात, असं भाड्याच्या जागांतून राहायचं. कल्पना तशी जुनी आहे. मकिमोतो नावाच्या जपानी तंत्रज्ञाने डेव्हिड मॅनर्स नावाच्या पत्रकाराबरोबर १९९७ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं होतं. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने आली २०२० च्या लॉकडाऊननंतर. मुंबई-पुणे-बंगळूरची मुलं फ्लॅट सोडून गोव्यात हणजूण, आसगाव, शिवोली, मोरजी इथे जाऊन राहिली. गोवा सरकारने तर त्यांच्यासाठी किनाऱ्यावर बसून काम करायच्या जागा उभारण्याची घोषणाही केली. परदेशात एस्टोनियाने २०२० मध्ये आणि पोर्तुगालने २०२२ मध्ये अशा लोकांसाठी वेगळा व्हिसा काढला.

आणि हे लोण आपल्या दारात यायलाही वेळ लागला नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू झाला. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नागाव, रेवदंडा, सगळीकडे वाड्यांच्या फाटकांवर ‘वाय-फाय उपलब्ध’ अशा पाट्या लागल्या. पूर्वी तिथे ‘घरगुती जेवण मिळेल’ एवढंच लिहिलेलं असे.

लॅपटॉपवर काम करण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पेणच्या माणसाने घरून काम करण्याला नावं ठेवायची म्हणजे कमालच. हमरापूर-जोह्याला घराघरात गणपती घडतात, रंगतात. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं लाटून पेणच्या बायकांनी मुलांची शिक्षणं केली, तीही घराच्या पडवीतून. त्याला कुणी ‘लाइफस्टाइल’ म्हटलं नाही, आणि एकीनेही पाटा-लाटण्याचा समुद्रासमोर फोटो काढला नाही. माझी तक्रार आहे ती ‘साधूंसारखं’ या शब्दाबद्दल.

आपल्या महाराजसाहेबांचा विहार आपण लहानपणापासून पाहतो. पनवेलहून पेण, पुढे वडखळ, नागोठणे, मग कुणी रोह्याकडे वळतात, कुणी कोलाड-माणगावकडे जातात. त्या रखडलेल्या हायवेच्या खडीवरून अनवाणी चालणाऱ्या साध्वीजींचे पाय ज्यांनी धुळीने भरलेले पाहिलेत, त्यांनी तरी ही तुलना करायला नको होती. पण पायांचं सोडा. कष्ट हा मुद्दाच नाही. मुद्दा नियमांचा आहे, आणि ते नियम कुणासाठी केलेत याचा आहे.

साधू कुठेही थांबले तर आधी त्या जागेच्या मालकाची अनुज्ञा घेतात. याला अवग्रह म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. झाडाखाली घटकाभर बसायचं तरी जागेच्या अधिष्ठात्याची मनातल्या मनात परवानगी मागून बसतात. ज्याने राहायला जागा दिली तो शय्यातर, आणि त्याच्या घरची गोचरी घेत नाहीत. का? कारण एकाच घरावर निवाऱ्याचा आणि अन्नाचा, दोन्हींचा भार पडू नये. गोचरी हा शब्द तरी बघा. गाय चरते तशी, इथलं थोडं, तिथलं थोडं, मूळ न उपटता. शेषकाळात एका गावात महिन्याहून जास्त राहायचं नाही, म्हणजे गावालाही जड नको आणि आपल्यालाही त्या गावाची, त्या घरांची ओढ लागायला नको. आणि आषाढी चौमासीला जिथे असतील तिथे चार महिने स्थिर, कारण पावसात जमिनीवर जीवच जीव असतात, पाऊल टाकलं की हिंसा.

आता आपले भटके. पावसाळा आला की तेही हलतात किंवा थांबतात. गोव्यातून बाहेर पडतात कारण वारंवार वीज जाते, नेट जातं, भिंतींना ओल येते. जागा घेताना अनुज्ञा मागतात, नाही असं नाही, पण ती फोनवरच्या एका बटणाला. शेजाऱ्याला, पाड्याला, विहिरीला कुणी विचारत नाही. आणि आल्यावर गावाकडून घेतात ते थोडंथोडं नव्हे. घर घेतात, पाणी घेतात, रात्रीची शांतता घेतात, आणि जागा आवडेनाशी झाली की निघतात. साधू निघतात तेव्हा गाव वेशीपर्यंत सोडायला येतं, डोळे पुसतं, ‘पुन्हा लवकर पधारा’ म्हणतं. भटका निघतो तेव्हा घरमालक फक्त चादरी मोजतो.

नणंदेच्या मुलाने मला परवा हाच मुद्दा मोठ्या उत्साहाने ऐकवला. “मामी, तुमच्याच धर्मातलं अपरिग्रह आम्ही जगतोय. माझ्याकडे सतरा वस्तू आहेत, मोजल्यात मी.” मुलगा गुणी आहे, कमावता आहे, व्यसन नाही. सूनही हुशार, पगार कदाचित त्याच्यापेक्षा जास्तच असेल. लॉकडाऊननंतर त्यांनी पुण्याचा फ्लॅट सोडला, आसगावला राहिले, मग हिमाचल, मग पुन्हा गोवा, आणि या हिवाळ्यात नागाव. त्या सतरा वस्तू खऱ्याच. पण त्यांच्या लग्नात आलेली भांडी, सोफा, दोन दरवाजांचा फ्रिज, वॉशिंग मशीन, पुस्तकांची सहा खोकी, हिवाळ्याचे कपडे, ट्रेडमिल, हे सगळं रोह्याला त्याच्या आईच्या घरी वरच्या मजल्यावर रचून ठेवलेलं आहे. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पावसाळ्याआधी खोक्यांना वाळवी लागली का, ते जाऊन बघायचं काम कुणाचं, तर माझ्या नणंदेचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईचं.

आम्हाला कॉलेजात ताळेबंदाबाहेरची देणी शिकवली होती. देणं असतंच, फक्त आपल्या पुस्तकात दिसत नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात असतं. मग आपला ताळेबंद कसा हलका, सुटसुटीत दिसतो! हे दोन बॅगांचं अपरिग्रह असं आहे. परिग्रह म्हणजे वस्तूंची संख्या नव्हे, त्यांच्यावरची मूर्च्छा, असं आपल्याला पाठशाळेत शिकवलं. मग रोज नव्या समुद्राची, नव्या कॅफेची, नव्या सूर्यास्ताची लागलेली ओढ कुठल्या खात्यात लिहायची? श्रावकाच्या बारा व्रतांत सहावं दिशापरिमाण आहे आणि सातवं भोगोपभोग परिमाण. गृहस्थाने किती लांब जायचं आणि काय काय भोगायचं याला आपणच घालून घेतलेली मर्यादा. आजच्या काळात कुणी गावाच्या वेशीची मर्यादा पाळावी असं मी म्हणत नाही, माझीच मुलगी ठाण्याला आहे. पण ज्या धर्मात ‘आणखी कुठे नाही जाणार’ हे व्रत मानलं, त्याच धर्माचं नाव ‘कुठेही जाऊ’ या हौसेला देऊ नका.

आता किनाऱ्याकडचं बघू.

जमेची बाजू आधी लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलते. या लोकांमुळे नागाव-किहीमच्या खाणावळी बारा महिने चालतात, रिक्षावाल्याला आठवड्याच्या मधल्या दिवशीही भाडं मिळतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यावर विकणाऱ्या बायकांचं गिऱ्हाईक वाढलंय (आपण खात नाही तो भाग वेगळा). वाडीवाल्याला नारळ-सुपारीत जे सुटत नाही ते दोन खोल्यांत सुटतं. हे खरं आहे आणि मी ते कमी लेखत नाही.

पण खर्चाची बाजू? पाण्यापासून सुरू करते. अक्षी-नागाव-रेवदंड्याच्या वाड्या गोड्या विहिरींवर उभ्या आहेत. समुद्राला लागून असलेल्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, साय दुधावर असते तसं. हळूहळू उपसलंत तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. मोटार लावून भसाभस ओढलंत तर खालचं खारं पाणी वर चढतं, आणि एकदा विहीर मचूळ झाली की सुपारी सुकते. जुनी माणसं रहाटाने पाणी काढायची तेव्हा त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आता त्याच वाडीत पोहण्याचा हौद, तीन न्हाणीघरं, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी. महिन्याने निघून जाणाऱ्याला विहिरीच्या पुढच्या वर्षाशी काय देणंघेणं?

आपल्या पेणच्या बायकांना हे लगेच कळायला हवं. हेटवणे धरण आपल्या तालुक्यात आणि त्याचं पाणी जातं नवी मुंबईला, सिडकोच्या वसाहतींना. आपल्याच खारेपाटात, वाशी-शिर्की-वढावकडे, उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाणी कुणाकडे वाहतं? जिथे पैसा आहे तिकडे. आणि तरीही इथल्या माणसाला निदान बोलता येतं. सप्टेंबर २००८ मध्ये सेझसाठी जमिनी जाणार होत्या तेव्हा पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. का घेता आलं? कारण त्यांची नावं सातबाऱ्यावर होती, ती माणसं तिथे होती. उद्या रेवदंड्याच्या अर्ध्या घरांत दर महिन्याला नवा माणूस असेल तर ग्रामसभेला कोण बसणार? वाय-फायचा पासवर्ड?

घरभाड्याचंही सांगते. समजा, एखाद्या गावातली शिक्षिका किंवा परिचारिका महिन्याला आठ हजार भाडं देऊ शकते. तेवढे पैसे शहरातला पाहुणा तीन रात्रींत देतो. घरमालक काय करील? मी त्याला दोष देत नाही. पण मग शिक्षिका रोज दोन एसट्या बदलून येते, आणि वर्षभराने बदली मागते. किनाऱ्यावरचं घर भरलेलं दिसतं आणि शाळेतली खुर्ची रिकामी. हे फक्त आपल्याकडे नाही. मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये लोक रस्त्यावर उतरले ते याचसाठी, की परदेशी लॅपटॉपवाल्यांमुळे त्यांच्याच गल्लीतलं भाडं त्यांना परवडेनासं झालं.

“पण आपणही बाहेरूनच आलो ना?” असं मला एका मैत्रिणीने विचारलं. बरोबर विचारलं. आपले पणजोबा-खापरपणजोबा मारवाडातून, गुजरातेतून लोटा घेऊन आले. सगळे संतच होते असंही नाही. १९३३ ते १९३९ चरीच्या कुळांनी जमीन न कसण्याचा संप केला तो खोत-सावकारांविरुद्धच, आणि सावकार म्हटलं की आपल्याला खाली बघावं लागतं. पण ते आले आणि राहिले. दुकान घातलं, उधारी दिली, बुडाली, पुन्हा दिली. देरासर बांधलं, शाळेला देणगी दिली, पुरात गाळ काढला. समोरच्या आळीतल्या कोळणीला आमच्या सासूबाई ‘जाऊबाई’ म्हणायच्या. ती आमच्या ओट्यावर टोपली घेऊन कधी चढली नाही आणि आम्ही तिच्या टोपलीला कधी नाक मुरडलं नाही.

आणि आपल्यापेक्षाही मोठं उदाहरण इथेच आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपूर्वी नाव फुटून काही ज्यू कुटुंबं वाचली, अशी बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते. समुद्रातूनच आले तेही. त्यांनी काय केलं? तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. धर्म सोडला नाही, सब्बाथ सोडला नाही, पण मराठी बोलले, नऊवारी नेसले, आणि आडनावं घेतली ती गावांची. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. आपल्या गावाचं नाव लावणारी माणसं आज इस्रायलमध्ये आहेत. अलिबागला अजून इस्रायल आळी आहे, पेणला त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. आता मला सांगा, वर्षात पाच गावं बदलणाऱ्या आपल्या भाच्याचं आडनाव काय होणार? कुठलं गाव त्याला आपलं नाव देईल?

आता थोडं स्वयंपाकघरातलं, कारण ते आपल्याशिवाय कुणी बोलणार नाही. यातली बरीच मुलं अमेरिकेच्या कंपन्यांसाठी काम करतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे जिथे आपला चोविहार सुरू होतो तिथे त्यांचं ऑफिस सुरू होतं. रात्री दोन-अडीचपर्यंत काम, मध्ये अकरा वाजता बाहेरून मागवलेलं जेवण, सकाळी अकराला उठणं. शरीर नागावला आणि पोट न्यूयॉर्कला! ज्या सूर्यास्तासाठी एवढे पैसे मोजून किनाऱ्यावर घर घेतलं, तो होतो तेव्हा हे कानाला यंत्र लावून खोलीत बसलेले असतात. सूनबाईंनीच मला हे हसत हसत सांगितलं. मला मात्र त्या पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. धर्म बाजूला ठेवा हवं तर, पण सूर्याबरोबर जेवणं आणि झोपणं यात आपल्या आज्यांनी काही तरी शहाणपण पाहिलं होतं ना?

आता मुख्य मुद्द्यावर येते. याच्यासाठीच लिहायला बसले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या यजमानांचे हात थरथरतात, गाडी चालवणं बंद झालंय. सहा आठवडे रोज व्यायामाला न्यावं लागत होतं. कोण नेत होतं? दुकानातला पोऱ्या, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, आठवड्यातून दोनदा पेणहून मी. भाचा तेव्हा गोव्यात होता. रोज व्हिडिओ कॉल करायचा, त्यात खोट नाही. औषधं ऑनलाइन मागवून द्यायचा, फळं पाठवायचा. एक दिवस नणंद मला म्हणाली, “अगं, तो म्हणतो त्याचं काम कुठूनही होतं. मग ते ‘कुठूनही’ रोह्याला का येत नाही गं?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तुमच्याकडेही नसेल. रोह्यात नेट आहे. कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते. तीच कुंडलिका रोह्याच्या घाटावरून वाहत जाऊन रेवदंड्याला समुद्राला मिळते, जिच्या मुखाशी बसून हे फोटो काढतात. दोन मजली घर आहे, वरचा मजला याच्याच सामानाने भरलेला आहे. जगातलं कुठलंही गाव चालतं, फक्त जिथे कुणाची तरी आपल्याला गरज आहे ते गाव सोडून. मग याला ‘कुठूनही’ म्हणू नका. याचं खरं नाव ‘जिथे कुणी हाक मारणार नाही तिथून’ असं आहे.

पूर्वी मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला तर आई मन घट्ट करायची. नोकरी तिथे, करणार काय? मिलच्या भोंग्याने, बँकेच्या बदलीने, कंपनीच्या गेटने मुलगा नेला. आता पहिल्यांदाच असं झालंय की कंपनी म्हणते, राहा कुठेही. शंभर वर्षांत कोकणातल्या घरांना मिळाली नव्हती अशी ही संधी आहे, मुलगा-सून घरी राहून पूर्ण पगार घरी आणू शकतात. आणि आपण काय करतोय, तर त्याच मुलांना भाड्याच्या घरात पाठवून वर ‘साधूंसारखं’ म्हणून टाळ्या वाजवतोय.

पण थांबा. नुसती मुलांना बोलून सुटका नाही, कारण ती का येत नाहीत हेही मी सुनेला विचारलं. तिने जे सांगितलं ते तुम्हाला आवडणार नाही. ती म्हणाली, “मामी, रोह्याला आम्ही दोनदा राहून पाहिलं. मीटिंग चालू असताना आत्या दार ढकलून विचारतात, दही विरजलं का? पाहुणे आले की मला बाहेर येऊन बसायला लागतं. तो लॅपटॉपवर असला की ‘काम करतोय’, मी असले की ‘मोबाइल बघतेय’. नागावला निदान दाराला कडी आहे.”

आहे का उत्तर? आपल्यातल्या किती घरांत सुनेच्या कामाच्या वेळेला दुकानाच्या वेळेइतका मान आहे? दुकान सकाळी दहाला उघडतं तेव्हा सासरे ‘जरा दूध आणतोस का’ म्हणून मुलाला गल्ल्यावरून उठवतात का? मग सुनेला का उठवतो? तिचा पगार पासबुकात दिसतो, तो चालतो. तिची बंद दाराची खोली मात्र चालत नाही, कारण दार लावून बसलेली सून म्हणजे तुटक सून. तिला समुद्र नको असतो, मैत्रिणींनो. तिला दाराला कडी हवी असते. ती आपण देत नाही म्हणून ती नागावला आठवड्याच्या दराने विकत घेते.

नणंदेशी मी बोलले. भांडलेच म्हणा. वरचा मजला रिकामा करायचा ठरला आहे. ट्रेडमिल आणि सोफा विकून टाकायचा, फ्रिज पाठशाळेला. वर स्वतंत्र जिना होताच, फक्त त्याच्या पायथ्याशी चपलांची कपाटं रचलेली होती. एक खोली कामाची, आतून कडी. दह्याचं विरजण नणंद स्वतः लावणार. सुनेने अटी घातल्या आहेत, लेखी. मी त्या वाचल्या, सगळ्या रास्त आहेत. एक अट अशी की संध्याकाळचं जेवण तिच्यासाठी सूर्यास्ताआधी तयार असेल तर ती ते जेवूनच मीटिंगला बसेल, पण तिला कुणी त्यावर व्याख्यान द्यायचं नाही. नणंदेने मान्य केलं. माझी सही साक्षीदार म्हणून आहे. ते येतील की नाही, चैत्रापर्यंत कळेल.

आणि ज्यांची रेवदंडा-चौल-अलिबागकडे जुनी घरं आहेत त्यांच्याशी दोन शब्द. मागच्या वेळी त्या बाजूला साध्वीजींचा विहार झाला तेव्हा वाटेतल्या आपल्या समाजाच्या घरांपैकी तीन घरं आठवड्याच्या पाहुण्यांना दिलेली निघाली. सकाळी उकळलेलं पाणी कुठे मिळणार, याची शोधाशोध झाली. घर भाड्याने देऊ नका असं मी म्हणत नाही, चरितार्थ प्रत्येकाचा वेगळा. निवास-न्याहारी योजनेत रीतसर नोंदणी करून, स्वतः त्याच घरात राहून दोन खोल्या दिल्यात तर त्यात काही वावगं नाही. घरात चूल पेटती राहते. पण अख्खं घर किल्लीसकट परक्याच्या हाती देण्याआधी एकदा गावातल्या शिक्षिकेला, परिचारिकेला विचारा. भाडं कमी येईल. माणूस वर्षभर राहील.

कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा विहार सुरू होतील. वडखळ ते अलिबाग आणि नागोठणे ते रोहा या दोन्ही वाटांवर कुणाचं घर उघडं असणार आहे, कुठे गोचरीची आणि पाण्याची सोय होईल, याची यादी मी वहीत करते आहे. ज्यांचं घर असेल त्यांनी मंडळाच्या बैठकीत मला सांगा. रोह्याच्या यादीत पहिलं नाव नणंदेचं लिहिलंय, वरच्या मजल्यासह.